गाण्यांचा फोल्डर आणि केल्डचं खोपट

"अजून फिरतंयच? एवढ्या वेळात मी कमानीचे खड्डे खणून आले असते."

इंगर-लिस माझ्या खुर्चीच्या पाठीला रेलून उभी होती. इतकी जवळ, की तिच्या तोंडातल्या ज्येष्ठमधाच्या गोळीचा वास माझ्या कानाशी येत होता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर, आणि पडद्यावर वरच्या बाजूला ती हिरवी पट्टी, निघते निघते म्हणत दारातच बोलत उभ्या राहिलेल्या पाहुणीसारखी.

"फिरत नाहीये, सरकतंय," मी म्हटलं.

"रूने म्हणतो हा डबा भंगारात दे." रूने तिचा जावई. त्याच्या मते भंगारात द्यायच्या वस्तूंत आमच्या गल्लीतलं बरंच काही येतं. "म्हणतो, म्हातारा झालाय तो."

"रूने मलाही तेच म्हणत असेल."

"तुला नाही. मला म्हणतो."

पट्टी थोडी पुढे गेली आणि थांबली.

मी गाणी लिहिते. म्हणजे लोकांच्या ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवते. कोणाची पन्नाशी, कोणाच्या पोरीचा चर्चमधला समारंभ, दातांच्या डॉक्टरची निवृत्ती, काहीही असो, जेवणाच्या टेबलावर माझं गाणं छापून सुरळी करून ठेवलेलं असतं. मला कोणी शिकवलं नाही. शिंपल्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी असायची, तेव्हा पट्ट्याच्या खडखडाटावर शब्द बसवायची सवय लागली ती लागलीच. कॉम्प्युटरही असाच शिकले, चुकत चुकत. सगळी गाणी एका फोल्डरमध्ये आहेत. कॉम्प्युटर बदलले, गाणी मात्र जुन्यातून नव्यात येत राहिली. आणि हाच फोल्डर हल्ली उघडायला इतका वेळ घ्यायचा, की मध्ये बटाटे सोलून व्हायचे.

शनिवारी माझ्या धाकट्या बहिणीच्या, सोल्वायच्या, लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. म्हणजे इथल्या पद्धतीप्रमाणे आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी तिच्या दारात सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांची कमान उभारायची, आणि सकाळी सगळ्या गल्लीने खिडकीखाली जाऊन गायचं. गाणं ऐकून नवराबायको झोपेतून दचकून उठल्यासारखे गाऊन घालून दारात येतात. आत ओव्हनमध्ये तीस माणसांचे पाव फुगलेले असतात, कॉफीचे थर्मास भरून ठेवलेले असतात, पण दचकायचं असतं. नीट दचकले की आम्ही टाळ्या वाजवतो.

अडचण एकच होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. सोल्वायचा नवरा केल्ड फेब्रुवारीपासून बंदरावरचं खोपट रंगवत होता.

खोपट म्हणजे जाळी आणि दोर ठेवायची लाकडी खोली, आमच्या न्हाणीघराएवढी. फेब्रुवारीत इथे रंग डब्यातच गोठतो. तरी टपालवाल्याने विचारलं, केल्ड दिसत नाही तो, तर आम्ही म्हणायचो, खोपट रंगवतोय. त्याने आपलं पांघरूण नेलं, रेडिओ नेला, कॉफीचं यंत्र नेलं. मार्चमध्ये मांजर नेलं. तरी तो रंगवतच होता. मीसुद्धा दुकानात हेच सांगायची. आणि सोल्वाय माझ्यासमोर बसून, माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाली होती, "आधी खरवडायला लागतं ना. त्यात वेळ जातो."

आम्ही सख्ख्या बहिणी. मी तिच्या कपात दूध ओतलं आणि म्हटलं, हो, खरवडायला वेळ जातो खरा.

आता शनिवारी केल्ड पहाटे मागच्या दाराने घरात शिरणार, नाइटसूट चढवणार आणि बायकोशेजारी उभा राहून पुढच्या दारातून दचकत बाहेर येणार, असं ठरलं होतं. ठरवलं होतं इंगर-लिसने. "सायकल गॅरेजच्या मागे लाव म्हणून सांगितलंय त्याला," ती म्हणाली होती, जणू प्रश्न सायकलचाच होता. आणि मी लिहायचं होतं ते गाणं, जे ऐकत माझ्या बहिणीने तीस माणसांपुढे त्याच्या दंडाला धरून हसायचं होतं.

"मी सांगते कसं कर," इंगर-लिस म्हणाली. "त्यांच्या लग्नातलं गाणं काढ. पहिली तीन कडवी तीच ठेव. लोकांना आवडतं जुनं. त्याला दोन नवी जोड. पंचवीस वर्षं एकाच उशीवर, असं काहीतरी."

"आणि चौथं?"

"चौथं नको."

"काय आहे चौथ्यात?"

"तुला माहीत आहे."

खरं सांगायचं तर मला आठवत नव्हतं. ते माझं लोकांपुढे गायलेलं पहिलंच गाणं. तिला मात्र आठवत होतं, कारण त्या कडव्याला हसता हसता तिने नव्या ब्लाउजवर सॉस सांडला होता.

"उघडला की बघते," मी म्हटलं.

"उघडेल तेव्हा. एवढी जुनी गाणी ठेवायचीच कशाला? काढून टाक अर्धी. त्यातली निम्मी माणसं तर मेलीत."

"आगेच्या ऐंशीचंही त्यात आहे."

आगे म्हणजे तिचा नवरा. त्यांच्या लग्नाच्या पन्नाशीला थोडेच महिने उरले होते तेव्हा तो गेला. कमानीसाठी सोनेरी आकडे तिने आणून ठेवले होते. ते अजून तिच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेले आहेत. इंगर-लिस खुर्चीपासून बाजूला झाली, तोंडातली गोळी तिने दुसऱ्या गालात सरकवली.

"ते ठेव," ती म्हणाली. "बाकीची काढ." मग दारातून वळून म्हणाली, "आणि तुला नसेल लिहायचं तर तसं सांग. मागच्या वर्षीचं गाऊ आम्ही, नावं बदलून. पण या गल्लीत कमान सगळ्यांना मिळते, मेरेटे. ज्यांना मिळू शकते त्यांना तरी."

ती गेली आणि मी हट्टाला पेटले. नवा कॉम्प्युटर घेणार नाही, एक गाणं पुसणार नाही आणि हा फोल्डर उघडून दाखवीन. बहिणीच्या संसाराचं मला काही करता येत नव्हतं. मग जे करता येण्यासारखं होतं त्याच्यामागे लागले.

म्हातारा झालाय, हे काही मला पटलं नव्हतं. म्हातारं माणूस घरातल्या सगळ्याच खोल्यांत हळू चालतं. हा मात्र विजेच्या बिलांच्या फोल्डरमध्ये टणाटण जायचा. पाककृतींच्या फोल्डरमध्ये जायचा. फक्त गाण्यांच्या उंबऱ्यावर अडायचा. म्हणजे दुखणं पायात नव्हतं, त्या खोलीत काहीतरी होतं.

बंद करून परत चालू केला. तसाच. चित्रांच्या छोट्या प्रती साठवलेल्या असतात त्या पुसून टाकल्या. तसाच. अर्धी गाणी दुसरीकडे हलवून पाहिली, तर तिथे जाऊन तो तितकाच रेंगाळला. इंटरनेटवर एका नॉर्वेच्या बाप्याने लिहिलं होतं की सगळं पुसा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. बाप्ये हे फार लवकर सुचवतात.

मग मी एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत केली नव्हती. फोल्डर उघडायची वाट बघताना बटाट्यांकडे गेले नाही. खुर्चीत बसून तो काय करतो ते नुसतं बघत राहिले.

नावं एकेक करून यायला लागली. नावांच्या शेजारी रकाने होते. ते नेहमीच तिथे असायचे, पण आपल्याच घरातल्या भिंतीवरचा डाग कोण वाचतं? कलाकार. अल्बम. लांबी. आणि कलाकाराचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मध्यंतरी पाहुण्यांना चाल घरी म्हणून बघता यावी म्हणून मी प्रत्येक गाण्याशेजारी माझ्या आवाजात म्हटलेली चाल ठेवायला लागले. माझा आवाज काही आवाज नाही, पण चाल कळते. यंत्राने तेवढं बघितलं आणि परस्पर ठरवून टाकलं, की हा संगीताचा संग्रह आहे. तेव्हापासून मी दार ठोठावलं की ते आत जाऊन प्रत्येक फाइलला विचारत बसायचं: तुला कोणी गायलं? कुठल्या अल्बममधलं? किती लांब? दातांच्या डॉक्टरला विचारायचं, आगेला विचारायचं. कोणाकडेच उत्तर नाही. मग पुढच्याला. एवढं सगळं आटपलं की मग मला आत घ्यायचं.

मी फोल्डरवर उजवं बटण दाबलं. सगळ्यांत खाली प्रॉपर्टीज. त्यात शेवटच्या पानावर विचारलेलं असतं, हा फोल्डर कशासाठी मांडायचा? तिथे 'संगीत' निवडलेलं होतं. मी यादी खाली ओढली. चित्रं, व्हिडिओ, आणि एका ओळीत, अगदी घरातल्यासारखं, 'साधारण वस्तू'. ते निवडलं. आतल्या सगळ्या फोल्डरांनाही हेच लागू कर म्हणून खूण केली. ओके केलं. सगळं बंद केलं, हात पुसले आणि परत उघडलं.

हिरवी पट्टी दिसलीच नाही. बोट उचलायच्या आत सगळी गल्ली समोर उभी, वर्षानुवर्षांची, नावानिशी.

मी स्वयंपाकघरात एकटीने टाळी वाजवली. मग सोल्वायच्या लग्नाचं गाणं काढलं आणि चौथं कडवं वाचलं:

भांडलात जर कधी, सोल्वाय, धाड त्याला खोपटात,
जाळ्यांवरती लोळत काढेल रात्र मोठ्या थाटात;
सकाळ होता कॉफीच्या वासाने येईल दारात,
तेव्हा, बाई, जास्तीचा एक पाव असू दे ताटात.

मी परत एकदा वाचलं. मग उठून कॉफी टाकली, कारण दुसरं काय करायचं ते कळेना.

शुक्रवारी दुपारी इंगर-लिसच्या गॅरेजमध्ये सगळी गल्ली फांद्या बांधत आणि कागदी गुलाब वळत बसली होती. शेजारचा आक्सेल आपल्या ट्रॉम्बोनला, म्हणजे लांब पितळी तुतारीला, तेल घालत होता. मी गाणं संपवायचं आहे सांगून घरी आले, तर मागच्या दारातून सोल्वाय आत आली.

"पावाचे दोन ट्रे दे," ती म्हणाली. "माझे कमी पडतील."

ट्रे ओव्हनच्या खाली असतात हे तिला माहीत आहे. ती तिकडे गेली नाही. कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत बसली आणि कोटाच्या बटणाशी चाळा करायला लागली.

"झालं गाणं?"

"बघतेस?"

"तुझा फोल्डर उघडेपर्यंत माझी सोन्याची पन्नाशी येईल."

ती हे बोलून गेली आणि परत बटणाकडे वळली. मी फोल्डरवर टिचकी मारली. तो उघडला.

"हे काय केलंस?"

"काही नाही. ह्याला वाटत होतं, हे सगळं संगीत आहे. आत काय आहे ते न बघता त्याप्रमाणे मांडायला जायचं आणि अडकायचं. मी म्हटलं, बाबा, साध्या वस्तू आहेत. जशा आहेत तशा दाखव."

"आणि ऐकलं त्याने?"

"लगेच. कोणी सांगितलंच नव्हतं त्याला आजवर."

सोल्वायने माउस माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच खाली खाली जाऊन लग्नाचं गाणं शोधलं. ती वाचत असताना मी ट्रे काढायला वाकले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिले. ओव्हनच्या खालचा तो कप्पा किती घाण झालाय तेही तेव्हाच दिसलं.

"हे चौथं," ती मागून म्हणाली.

"इंगर-लिस म्हणते वगळ. त्याऐवजी नवी दोन."

"लिहिलीस?"

"नाही."

"का?"

मी उभी राहिले. "लिहायला बसले की हात चालत नाही. एकाच उशीवर म्हणे. मला नाही लिहायचं ते, सोल्वाय. दुसऱ्या कोणासाठीही लिहीन. तुझ्यासाठी नाही. मग त्यांना मागच्या वर्षीचं गाऊ देत."

ती पडद्याकडेच बघत होती. तिने कोटाचं बटण सोडून दिलं. त्याचा दोरा निघाला होता.

"हेच छाप," ती म्हणाली. "जसंच्या तसं. नवं काही नको, वगळायचंही काही नको."

"चारही कडवी?"

"चारही."

"इंगर-लिसचं तोंड बघवणार नाही."

"तिला म्हणावं, तेवढं गुणगुण." ट्रे काखेत मारून ती दारापर्यंत गेली. "आणि केल्डला मी निरोप देते. मागच्या दाराला कुलूप असेल म्हणून."

शनिवारी आम्ही तिच्या कमानीखाली जमलो तेव्हा फ्योर्डच्या पाण्यावरून गार वारा येत होता आणि कागदी गुलाब फडफडत होते. मी कागद वाटले. इंगर-लिसने चष्मा लावला, वाचत खाली गेली आणि थांबली.

"चौथं आहे."

"आहे."

"मेरेटे."

"नावं बदलायची नाहीत आणि कडवंही गाळायचं नाही. माझी बहीण, माझं गाणं. ज्याला नको असेल त्याने घरी जाऊन झोपावं, पाव वाचतील."

"मी तुझ्यासाठी सांगत नाहीये. तिच्यासाठी सांगतेय."

"तिनेच सांगितलंय."

इंगर-लिसने माझ्याकडे बघितलं, मग सोल्वायच्या गॅरेजच्या मागे बघितलं. तिथे सायकल नव्हती. "आक्सेल," ती जरा थकलेल्या आवाजात म्हणाली, "घे."

आक्सेलने ट्रॉम्बोन तोंडाला लावला आणि आम्ही गायला लागलो. पहिल्या कडव्याला सगळे जोरात होते. ते कडवं तसं निरुपद्रवी आहे, त्यात चर्च आहे आणि पाऊस आहे. दुसऱ्याच्या मधोमध दार उघडलं.

सोल्वाय गाऊनमध्ये नव्हती. निळा ड्रेस, पायांत बूट, केस बांधलेले. ती दचकली नाही. पायरीवर सरळ उभी राहिली, दंड धरायला शेजारी कोणी नव्हतं, म्हणून तिने हाताची घडी घातली, आणि आमच्याकडे असं बघायला लागली, जसं आम्ही तिच्याकडे बघायला आलो होतो. टाळ्या वाजवायला वर गेलेले हात लोकांनी खाली घेतले आणि उगाच कागद सरळ केले.

तिसरं कडवं आम्ही कसंबसं म्हटलं. त्यात दोघांचं घर, दोघांची भांडी, दोघांचा कुत्रा असं सगळं दोघांचं आहे.

चौथ्याच्या पहिल्या ओळीला आवाज गळायला लागले. रूनेला बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. कोणी खोकलं. खोपटाच्या शब्दापर्यंत आलो तेव्हा ट्रॉम्बोन होता आणि मी होते. माझा आवाज काही आवाज नाही, हे मी सांगितलंच आहे. पण चाल मला येत होती, शब्द माझे होते, आणि समोर उभं राहून ऐकणारी मागे हटत नव्हती, तर मी का हटू? मी गात राहिले. दुसऱ्या ओळीला इंगर-लिस शेजारी गुणगुणायला लागली. शब्द नाहीत, पण सूर होता.

तिसऱ्या ओळीला केल्ड कमानीखाली आला. बंदराच्या रस्त्याने, समोरून, सायकल हातात धरून. साधा स्वेटर, कामाची पँट. कॉफीचा वास खरोखरच दारातून बाहेर येत होता. तो फांद्यांच्या खाली थांबला, कारण पुढे सगळी गल्ली होती आणि मागे जाणं बरं दिसलं नसतं. त्याने एक हात हँडलवरून उचलला आणि परत ठेवला. हातावर रंगाचा एक ठिपका नव्हता.

आक्सेलने ट्रॉम्बोन खाली केला. शेवटची ओळ मी एकटीने पुरी केली.

गुलाब वाऱ्यात फडफडत राहिले. अखेर इंगर-लिसला राहवलं नाही. ती हसली, टाळ्या वाजवल्यासारखे हात एकमेकांवर घासले आणि म्हणाली, "आला बाई. बरं झालं. एवढ्या सकाळी उठून खोपट रंगवत बसला असेल, वेळेचं भान राहिलं नसेल."

लोकांनी सुटल्यासारखे श्वास सोडले. एकदोघे हसलेसुद्धा. केल्ड खाली बघत होता.

सोल्वाय दोन पायऱ्या उतरून खाली आली.

"पाव गरम आहेत, आत या सगळे," ती म्हणाली. "केल्ड, तूही ये, तुझा एक जास्तीचा ठेवलाय." मग तिने घडी सोडून हात खाली घेतले. "पण खोपटाला कोणी रंग देत नाहीये, इंगर-लिस. तो तिथे राहतो. फेब्रुवारीत मीच त्याला जा म्हटलं, आणि परत ये म्हणणार नाहीये."